फलटणचा निरोप

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सभेत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. हळदीकुंकवाला पाट-रांगोळी करायची असो, नाहीतर पन्नास माणसांचे पोहे करायचे असोत, तिथे मला बोलवा. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही वारीला गेलात, आजारी पडलात आणि तरी पंढरपूर गाठलंत. ते सांगा." मी म्हटले, सांगते. मात्र पंढरपूर गाठल्याचे कौतुक सांगायला मी उभी नाही. फलटणला एका घरातून निघताना मला जे कळले, ते सांगायला उभी आहे.

माझ्या सासूबाई आळंदीहून माऊलींच्या पालखीबरोबर पायी जात. तुमच्यापैकी पुष्कळजणी त्यांना ओळखत होत्या. चौदा वर्षे त्यांनी वारी केली. शेवटची 2019 सालची. पुढे 2020 आणि 2021 साली करोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी.ने पंढरपूरला नेल्या. 2022 साली वारी पुन्हा सुरू झाली, पण तोवर सासूबाईंच्या गुडघ्यांनी साथ सोडली होती. 2023 सालच्या थंडीत त्या गेल्या.

दरवर्षी जाताना त्या आमसुलांची एक पुरचुंडी वेगळी बांधून ठेवीत. ती फलटणच्या आक्कांसाठी. दिंडीचा मुक्काम तंबूत असला तरी फलटणला सासूबाई आणि बरोबरच्या चार-पाच बायका आक्कांच्या पडवीत निजायला जात. घरी परत आल्या की आठवडाभर आमच्या घरात आक्कांचेच नाव. "आक्कांनी पाणी तापवून दिलं, आक्कांनी पाय चेपले, आक्कांसारखं माणूस नाही." खरे सांगते भगिनींनो, मला ते ऐकून राग येई. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस दोन वेळा ताट वाढणारी मी, आणि गुण गायचे ते एका रात्रीपुरते पाणी तापवणाऱ्या बाईचे! एकदा मी तसे बोलूनही दाखवले होते. सासूबाई नुसत्या हसल्या.

त्या गेल्यावर माझ्या मनाने घेतले की त्यांची एक वारी आपण करावी. घरच्यांनी हो-ना करता करता परवानगी दिली. 29 जून 2024 रोजी पालखीने आळंदीहून प्रस्थान ठेवले, त्यात मी होते. सासूबाईंच्याच दिंडीत भिशी भरली आणि आमसुलांची पुरचुंडी आठवणीने घेतली.

दिवे घाट चढले, सासवड झाले, जेजुरी झाली. नीरा नदीत माऊलींच्या पादुकांना स्नान घातले, ते डोळे भरून पाहिले. चांदोबाच्या लिंबाला पहिले उभे रिंगण पाहिले. पायाला फोड आले, ते फुटले, त्यावर हळद-तेल लावले. तोवर सगळे ठीक होते. तरडगावहून फलटणला येताना मात्र उन्हाने जीव कासावीस झाला आणि वाटेतल्या एका उघड्या पिंपातले दोन तांबे पाणी मी घटाघटा प्यायले. बरोबरच्या मावशी म्हणाल्या, "अगो, आपल्या बाटलीतलं पी." पण बाटलीतले पाणी उन्हाने तापलेले, पिंपातले गार. मोह झाला.

फलटणला पालखी विमानतळाच्या मैदानावर उतरली. मी विचारीत विचारीत आक्कांच्या दाराशी गेले. पत्र्याचे घर, पुढे पडवी, दारात तुळस. सत्तरीच्या एक बाई उंबऱ्यावर वाट पाहत बसल्या होत्या. मी काही न बोलता पुरचुंडी हातात दिली. त्यांनी ती नाकाशी नेली आणि माझ्या मागे रस्त्याकडे पाहू लागल्या.

"यंदा तरी आली का ती? कुठं मागं ऱ्हायली?"

तेव्हा माझ्या ध्यानात आले. सासूबाई गेल्या तेव्हा आम्ही सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना कळवले, मुंबईच्या चाळीतल्या जुन्या शेजाऱ्यांनासुद्धा फोन केले. फलटणला कळवायचे मात्र कोणाच्या मनातही आले नाही. पाच वर्षे ती बाई दर आषाढात दाराशी बसून होती. आता तिला सांगायचे माझ्या वाट्याला आले.

आक्का रडल्या नाहीत. मागल्या दारी गेल्या आणि डोक्यावरून पाणी घेतले. आपल्या घरचे माणूस गेल्याची बातमी आली की जसे घेतात, तसे. ओल्या केसांनीच त्यांनी मला पिठले-भाकरी वाढली. माझ्या घशाखाली घास उतरेना. त्यांना वाटले, दुःखाने. खरे तर माझ्या पोटात तेव्हाच ढवळू लागले होते.

रात्री अकराच्या सुमारास जुलाब सुरू झाले. घर परके, बाहेर अंधार, बाजूला बायका दमून निजलेल्या. मी चपला हातात घेऊन पाऊल न वाजवता मागल्या दारी जाई आणि येई. चार वेळा गेले. अंगात कसकस, पोटऱ्यांत गोळे. मनात एकच चिंता, हे कोणाला कळता कामा नये. कळले तर दिंडीत चर्चा होईल, घरी फोन जाईल आणि वारी मोडेल. त्यातून आक्कांना आज एवढा धक्का दिला, त्यावर आणखी आपले आजारपण कुठे?

पाचव्या वेळी परत आले तर मागल्या दारी कंदिलासारखा एक मोबाइल पेटलेला. आक्का भिंतीला टेकून बसलेल्या, शेजारी त्यांची सून पाण्याचा तांब्या घेऊन उभी.

"किती येळा झालं?" आक्कांनी विचारले.

"दोनदा," मी म्हटले.

"मी पाच मोजल्या," आक्का म्हणाल्या. "तुझी सासूबी अशीच खोटं बोलायची."

भगिनींनो, त्या रात्री मला कळले की 2016 साली सासूबाई फलटणला तापाने फणफणल्या होत्या. दिंडी पुढे गेली आणि त्या दोन दिवस आक्कांच्या घरी पडून होत्या. तिसऱ्या दिवशी आक्कांच्या मुलाने त्यांना गाडीवरून नातेपुत्याला नेऊन दिंडीत सोडले. आमच्या घरी या गोष्टीचा पत्ता नाही. मी आक्कांना विचारले, "आम्हाला कधी बोलल्या कशा नाहीत?"

आक्का म्हणाल्या, "म्या म्हनलं घरी फोन लाव. तर म्हनली, नगं. कळलं तर पुढल्या साली धाडायची न्हाईत. आनि सून म्हनंल, आजारी पडायचं हुतं तर गेलाच कशाला."

मी काय उत्तर देणार? मी तसेच म्हटले असते. दरवर्षी त्या परत आल्या की मी विचारी, गर्दी किती होती, दर्शन झाले का, प्रसादाचे चुरमुरे आणलेत का. "तब्येत कशी राहिली?" असे मी विचारलेले मला आठवत नाही. मग त्यांनी ते दोन दिवस सांगायचे तरी कोणत्या वाटेने? त्यांनी एकच वाट काढली. आक्कांचे गुण गायले. मला तो आमच्या घरचा उणेपणा वाटला, आणि त्या बिचाऱ्या आपले आजारपणच सांगत होत्या.

सुनेने पाणी उकळून गार केले. जलसंजीवनीची पुडी त्यांच्या घरी होतीच. वारीच्या दिवसांत त्या घरात आणून ठेवतात. एक लिटर पाण्यात एक अख्खी पुडी, आणि ते पाणी घोट घोट प्यायचे. मी तांब्या तोंडाला लावू पाहत होते, पण तिने पेला हातात दिला. "एकदम पिशिला तर उलटून पडंल, वहिनी." उजाडेपर्यंत ती माझ्याजवळ बसून होती. सकाळी तिला चार घरची धुणी-भांडी होती.

इथे थोडे विषयांतर करते, कारण ते आपणा सर्वांच्या उपयोगाचे आहे. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ जास्त होऊ देऊ नये. केलेले पाणी चोवीस तासांनंतर ठेवू नये. हे दिसायला साधे आहे, पण 1971 साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच मीठ-साखरेचे पाणी पिंपे भरून ठेवले आणि रोग्यांच्या नातेवाइकांकडून ते पाजवले. तिथे शंभरातली तीसएक माणसे दगावत होती, ती चारच्या आत आली. डॉक्टर 2022 साली गेले. 2023 साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. आपल्या स्वयंपाकघरातल्या दोन डब्यांत एवढे बळ आहे, हे ध्यानात असू द्यावे.

पहाटे दिंडीत निघायची गडबड सुरू झाली. आक्कांचा मुलगा मला तळावरच्या आरोग्य खात्याच्या पथकाकडे घेऊन गेला. तिथल्या नर्सबाईंनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, ताप मोजला. रक्त पडते का, लघवी होते का, हे विचारले. म्हणाल्या, "आज उन्हात पायी चालायचं नाही. पाणी चालू ठेवा. लघवी बंद झाली, शौचातून रक्त पडलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर असाल तिथे थांबा आणि सरळ दवाखाना गाठा." जुलाब थांबवायच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नका, असेही बजावले.

आता प्रश्न असा की थांबायचे का पुढे जायचे? बरडचा टप्पा अठरा-वीस किलोमीटरचा. दिंडीप्रमुख म्हणाले, "सामानाच्या ट्रकमध्ये बसून या, माऊली." आक्कांची सून म्हणाली, "दोन दिवस ऱ्हावा." आणि माझे मन म्हणत होते, कसेही करून चालत जायचे. सासूबाईंच्या नावाने धरलेली वारी ट्रकात बसून करायची? लोक काय म्हणतील?

मी आक्कांच्या पुढ्यात बसले आणि म्हटले, "तुम्ही सांगाल तसं करते."

मला वाटले होते, त्या "ऱ्हा" म्हणतील. पण त्या म्हणाल्या, "म्या कशाला सांगू? तुझा जीव, तुझी वारी. जा म्हननार न्हाई आनि ऱ्हा बी म्हननार न्हाई. माझी एकच अट हाय. हितनं निघायच्या आधी घरी खरं सांग. तुझ्या सासूचं लपवलं त्ये माझ्या जिवाला अजून लागतंय. तिला वाटंत काय झालं असतं तर तुमास्नी मी काय तोंड दावलं असतं?"

ती अट मला डोंगराएवढी वाटली. रात्री नवाला मी घरी फोन करून "मी ठणठणीत आहे" असे सांगितले होते. आता आक्कांच्या समोर बसून यांना फोन लावला आणि सगळे सांगितले, पिंपातल्या पाण्यासकट. हे क्षणभर गप्प झाले, मग मोठ्याने म्हणाले, "तिथंच थांब. मी गाडी घेऊन निघतो. वारी पुरे झाली." मागून मुलाचा आवाज येत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आले. म्हणूनच, म्हणूनच सासूबाई सांगत नव्हत्या!

आक्कांनी माझ्या हातातून फोन घेतला. "जावईबापू," त्या म्हणाल्या. पाहा, कोण कुठल्या, पण मला लेक केले आणि यांना जावई. "तिनं खरं सांगितलं म्हणून रागावू नगा. रागावला तर पुढल्या खेपंला सांगायची न्हाई. दुपारपतूर बघा. ट्रकात बसंल, पानी पिईल. सांजच्याला ताप असला तर या गाडी घिऊन, म्या सोता तिला तुमच्या गाडीत बशिवते."

असे ठरले. मी ट्रकात बसायचे, दर दोन तासांनी फोन करायचा, ताप उतरला नाही तर परत फिरायचे. तिघांनी मिळून ठरवले आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. ताप तसाच होता, पोटही तसेच होते. पण लपवायचे काही उरले नव्हते.

निघताना आक्कांनी माझी ओटी भरली. वाटेला म्हणून ज्वारीच्या लाह्यांचे पीठ आणि जलसंजीवनीच्या चार पुड्या दिल्या. मी पाया पडायला वाकले, तर त्याच आधी माझ्या पाया पडल्या. वारकऱ्यांत लहानमोठे पाहत नाहीत, हे मला ठाऊक होते. तरी सत्तरीच्या बाईने आपल्या पायाला हात लावला की काय वाटते, ते सांगता येत नाही. मी गडबडून म्हटले, "आक्का, जाते हं."

"जाते म्हनू नगं," त्या म्हणाल्या. "तुझी सासू 2019 ला घाईनं जाते म्हनली आनि तशीच गेली. येते म्हन."

मी म्हटले, "येते."

बरडपर्यंत मी तंबूंच्या गुंडाळ्यांवर आडवी पडून गेले. ट्रक हादरला की पोटात कळ येई. रस्त्याच्या कडेने दिंड्या चालल्या होत्या, टाळ वाजत होते, डोक्यावर तुळशी घेतलेल्या बायका मला हात करीत होत्या. मी पदराने तोंड झाकून घेतले. मग मनात आले, लाज कसली? त्या तुळसवालीचे वृंदावन ती दमल्यावर दुसरी घेते, त्याची कोणाला लाज वाटत नाही. आज मला ट्रकाने घेतले. मी पदर काढला आणि हात केला.

बरडला एकदा उलटी झाली. संध्याकाळी ताप उतरला. घरी फोन केला तेव्हा हे म्हणाले, "बरं वाटतंय म्हणतेस ते खरं, का मला बरं वाटावं म्हणून?" मी म्हटले, "खरं. पण पायांत जीव नाही." या उत्तराने त्यांना जास्त धीर आला. नातेपुत्यालाही ट्रकनेच गेले. पुढे माळशिरसच्या वाटेवर गोल रिंगणापासून हळूहळू चालू लागले. घोड्याच्या टापांखालची माती कपाळाला लावली. वेळापूरच्या धाव्याला सगळे उतारावरून पंढरपूरच्या ओढीने धावत सुटले, मी काठी टेकीत चालले. पंढरपुरात दर्शनाच्या रांगेत उभे राहायची ताकद नव्हती. चंद्रभागेचे पाणी डोळ्यांना लावले, नामदेव पायरीला हात टेकला, कळसाचे दर्शन घेतले. 17 जुलैची एकादशी अशी झाली. सासूबाईंच्या नावाची वारी दोन टप्पे ट्रकात झाली. देवाने ती मान्य केली की नाही, ते देव जाणे. आक्कांनी केली, एवढे मला ठाऊक आहे.

परत आल्यावर मी घरात सगळ्यांना बसवून सासूबाईंची 2016 सालची गोष्ट सांगितली. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आईनं मला सांगायला हवं होतं." मी म्हटले, "आपण ऐकायला हवं होतं."

भगिनींनो, माझे सांगणे एवढेच. आपल्या घरातले माणूस बाहेर पडते, कोणी वारीला, कोणी लेकीच्या बाळंतपणाला, कोणी नोकरीला परगावी. त्याने आजारपण लपवले तर आपण म्हणतो, काय हट्टी माणूस! पण ते का लपवते? आपण ऐकताक्षणी रागावतो आणि बंदी घालतो म्हणून. आधी ऐकून घ्यावे, मग काय करायचे ते दोघांनी मिळून ठरवावे. थांबायची वेळ असेल तर थांबवावेही, पण खरे बोलल्याची शिक्षा म्हणून नव्हे. आणि ज्याच्या घरी आपण पाहुणे म्हणून उतरलो, त्यापासून तर दुखणे मुळीच लपवू नये. ज्या घराने आपल्याला जेवू घातले, त्याच्यावर तेवढा विश्वास टाकणे हीच त्याची परतफेड आहे.

22 जुलै 2021 च्या पुरात आपले अर्धे चिपळूण पाण्यात होते, तेव्हा आम्ही सहा दिवस वरच्या आळीत एका घरी राहिलो. माझ्या अंगात ताप असताना मी "आता ओझं नको" म्हणून चिखलाच्या घरात परत गेले आणि त्या बाईंना पत्ता लागू दिला नाही. त्या आज दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. बाई, त्या वेळी मी "त्रास दिला" एवढेच म्हणून निघाले होते. माझे चुकले. आज सर्वांसमोर सांगते.

2025 साली मला पायी जाणे जमले नाही. पण पालखी फलटणला उतरली त्या दिवशी मी एस.टी.ने आमसुलांची पुरचुंडी घेऊन गेले. आक्का उंबऱ्यावर बसल्या होत्या. या खेपेला त्यांना रस्त्याकडे पाहावे लागले नाही.

 मंडळाला दीर्घायुष्य चिंतिते आणि माझे चार शब्द संपवते. येते.